वायूचं काम सोडू, की साइटवर जाऊ?

ताई, नमस्कार.

मी 28 वर्षांची, मेकॅनिकल इंजिनीअर. उत्तर महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची. घरोघरी पाइपने गॅस पुरवणाऱ्या एका कंपनीत गेली पाच वर्षं ‘ओ अँड एम’ला आहे, म्हणजे लाइनची देखभाल, गळतीच्या तक्रारी, रात्रीचे कॉलआउट (तातडीने बोलावणं आलं की जागेवर धावणं). कोकणातल्या एका भागाच्या इनचार्जची जागा रिकामी होतेय आणि अनुभवाने माझाच नंबर लागतो. पण आमचे साहेब म्हणतात, ‘दिवाळीनंतर तुझं लग्न आहे. कशाला रात्री-अपरात्री खड्ड्यात उतरतेस? तुला सेफ्टीच्या कागदपत्रांचं काम देतो, नऊ ते सहा.’ ते वाईट मनाने बोलत नाहीत. दुसरीकडे पुण्यातली एक सोलर कंपनी डिझाइनला बोलावतेय, पगार थोडा जास्त आहे. होणारा नवरा म्हणतो, ‘तू ठरव.’ त्याचे मित्र म्हणतात, गॅस म्हणजे बुडतं जहाज, पंधरा वर्षांत सगळं विजेवर जाणार. आणि माझी आतेबहीण पर्यावरणाचं शिकतेय, ती परवा साखरपुड्याच्या जेवणात सगळ्यांसमोर म्हणाली, ‘तू मिथेन विकतेस.’ मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून नीट झोप लागत नाही. मी काय करू?

– साइटवरची

*

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा डोळ्यांसमोर आले ते माझे बूट.

1991 साल. वायू शुद्ध करण्याच्या एका कारखान्यात मी नवी इंजिनीअर म्हणून लागले. स्टोअरमध्ये सेफ्टी बूट मिळाले ते 8 नंबरचे, पुरुषांचे. त्याहून लहान नव्हतेच, कारण तोवर कुणाला लागले नव्हते. माझा नंबर 4. पुढच्या बाजूला वर्तमानपत्राचे बोळे कोंबून मी ते बूट घालायचे आणि तसेच घालून उभ्या शिड्या चढायचे. बायकांचं स्वच्छतागृह ऑफिसच्या इमारतीत, म्हणजे युनिटपासून चांगलं दहा मिनिटांच्या चालीवर. म्हणून मी सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. सहा महिन्यांत लघवीच्या संसर्गाने दोनदा आजारी पडले. तेव्हा आमचे साहेब अगदी मायेने म्हणाले, ‘तुझ्या तब्येतीसाठी सांगतो, ड्रॉइंग ऑफिसला ये.’ मी गेले. मनातून सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं. बूट मागवता आले असते, स्वच्छतागृह बांधता आलं असतं, हे मला सुचलं नाही आणि त्यांनाही नाही. जागेवरून हलवलं ते मला.

ड्रॉइंग ऑफिसात मी नऊ वर्षं काढली. त्यानंतर प्रत्येक बढतीच्या मुलाखतीत एकच प्रश्न यायचा, ‘प्लँटचा अनुभव किती?’ उत्तर होतं, सहा महिने. माझ्याबरोबर लागलेले, माझ्याकडून हिशेब तपासून नेणारे मुलगे शिफ्ट इनचार्ज झाले, मग मॅनेजर झाले. मी पुन्हा प्लँटवर जाण्यासाठी भांडले तेव्हा तिशी उलटून गेली होती, आणि जी गोष्ट पंचविशीत सहज शिकता आली असती ती माझ्याहून लहान मुलांकडून शिकावी लागली. शिकले. पण ती नऊ वर्षं परत आली नाहीत.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते. इनचार्जची जागा माग. लेखी माग, आणि याच आठवड्यात माग.

आता का, ते सांगते. तुझ्या आतेबहिणीपासून सुरुवात करते, कारण झोप तिच्या वाक्याने उडाली आहे, साहेबांच्या नाही.

ती म्हणते ते अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं तू नाकारू नकोस. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. जाळला तर तेवढ्याच विजेसाठी कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि राख, गंधक, काजळी जवळपास नाहीच. पण न जळता हवेत गेला तर तोच वायू वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून जास्त उष्णता अडवतो. शंभर वर्षांच्या हिशेबातही अठ्ठावीस-तीस पट. विहिरीपासून शेगडीपर्यंतच्या वाटेत साधारण 3 टक्के वायू गळला, तर जवळच्या काळापुरता कोळशावरचा त्याचा सगळा फायदा संपतो. अमेरिकेत 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यात तिथल्या तेल-वायू उद्योगाची गळती 2.3 टक्के निघाली, सरकारी अंदाजापेक्षा सुमारे 60 टक्के जास्त. मोजायला गेल्यावर आकडा वाढला, हे लक्षात ठेव.

म्हणजे गॅस चांगला की वाईट, याचा निकाल पाइप जोडणाऱ्या प्रत्येक फ्लँजवर, प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या ग्लँडवर, प्रत्येक जोडावर लागतो. आणि शहरातल्या जाळ्यातले ते जोड कुणाच्या हाताखाली आहेत? तुझ्या. आतेबहिणीला हे सांग. तू मिथेन विकत नाहीस, तू मिथेन पाइपात ठेवतेस. ज्या दिवशी तुझी गस्त हलगर्जी होईल त्या दिवशी ती म्हणते ते पूर्ण खरं होईल.

काही वर्षांपूर्वी मी सल्लागार म्हणून एका शहरात गेले होते, तेव्हाचा एक प्रसंग सांगते. पावसाळ्यातली रात्र, दीड वाजलेला. ड्रेनेजच्या कामावरच्या जेसीबीने 63 मिलिमीटरची पिवळी एमडीपीई, म्हणजे प्लॅस्टिकची, गॅस लाइन फाडली होती. गल्लीच्या तोंडापर्यंत गळती कळावी म्हणून वायूत मिसळलेल्या मर्कॅप्टनचा तो कुजका वास आणि प्रेशर कुकरची शिट्टी अडकल्यासारखा अखंड आवाज. तिथली इंजिनीअर तुझ्याच वयाची होती. तिने आधी लोकांना मागे हटवलं, जेसीबी होता तिथेच बंद करवला, वरच्या घरांतली बटणं कुणी चालू-बंद करू नयेत म्हणून माणूस धावत पाठवला. हातात डिटेक्टर. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की ठिणगी पुरते, हे तिला कुणी आठवण करून द्यायला लागत नव्हतं. फुटलेल्या जागेपासून अंतर ठेवून दुसरा खड्डा घ्यायला लावला. पाइप उघडा पडल्यावर त्यावर ओलं फडकं गुंडाळलं, प्लॅस्टिकवर साठलेली स्थिर वीज जमिनीत उतरावी म्हणून. मग पाइप चिमटून बंद करणारं स्क्वीझ टूल लावलं आणि हळूहळू, थांबत थांबत आवळत गेली. घाई केली तर पाइपाची भिंत चिरते. आवाज बारीक होत होत थांबला. त्यानंतर पाइप खरवडणं, पुसणं, क्लँपमध्ये धरणं, जोडनळी म्हणजे कपलर चढवून इलेक्ट्रोफ्यूजन, म्हणजे विजेच्या उष्णतेने प्लॅस्टिक वितळवून जोडणं, आणि कपलरवरची छोटी खूण वर आल्यानंतरही थंड होईपर्यंत क्लँपला हात लावू न देणं. मुकादम घाई करत होता. ती त्याला म्हणाली, ‘अजून आठ मिनिटं.’ आणि आठ मिनिटं ती घड्याळाकडे बघत चिखलात उभी राहिली.

ती आठ मिनिटं ज्याला कळतात त्यानेच कागदावर सेफ्टीचे नियम लिहावेत. म्हणूनच तुझ्या साहेबांच्या प्रस्तावावर माझा राग नाही, पण तो आज घेऊ नकोस असं सांगते. सेफ्टीचं काम हे दुय्यम काम नाही. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचे तांत्रिक आणि सुरक्षेचे नियम, आपत्कालीन योजनेचे नियम, त्यांचं लेखापरीक्षण, हे सगळं जबाबदारीचं आहे. पण त्यातही दोन जागा असतात. एक, जिथून काम थांबवता येतं. दुसरी, जिथे झालेल्या कामाच्या फायली लावतात. तुला दुसरी देऊ केली आहे. इनचार्ज म्हणून तीन-चार वर्षं काढ, मधल्या काळात औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम कर, मग सेफ्टीत ये आणि पहिल्या जागेवर बस. तेव्हा ठेकेदार तुझं ऐकेल, कारण तू खड्ड्यात उतरलेली असशील.

आता बुडत्या जहाजाचं. होणाऱ्या नवऱ्याच्या मित्रांना घाई झाली आहे, पण तेही अगदी चुकीचे नाहीत.

आपल्या देशाच्या एकूण ऊर्जेत नैसर्गिक वायूचा वाटा 6 टक्क्यांच्या आसपास. तो 2030 पर्यंत 15 टक्क्यांवर न्यायचं सरकारी उद्दिष्ट आहे, आणि मला ते गाठलं जाईल असं वाटत नाही. लागणाऱ्या वायूपैकी साधारण निम्मा आपण बाहेरून आणतो, उणे 162 अंशांवर द्रवरूप (एलएनजी) करून, जहाजांतून. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि युरोपने मिळेल तो एलएनजी उचलला, तेव्हा आपल्याकडे भाव असे चढले की गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्सवाल्यांनी गॅस सोडून प्रोपेन लावला. विजेत तर वायूचा वाटा जेमतेम 2-3 टक्के. ‘कोळशाकडून सूर्य-वाऱ्याकडे जाण्याच्या वाटेवरचा पूल म्हणजे वायू’ असं म्हणतात, ते अमेरिकेपुरतं बरंचसं खरं ठरलं. तिथे शेल नावाच्या खडकात अडकलेला स्वस्त वायू निघाला आणि कोळशाची केंद्रं बंद पडत गेली. आपल्याकडे तसा पूल बांधलाच गेला नाही.

तू कोकणात जाशील तर दाभोळ बघच. जवळपास दोन हजार मेगावॉटचं, नेमकं सांगायचं तर 1,967 मेगावॉटचं वीज केंद्र. आधी एन्रॉनच्या महागड्या विजेच्या वादात 2001 मध्ये बंद पडलं. 2005 मध्ये नव्या कंपनीच्या हाती गेलं, पुन्हा सुरू झालं. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूचं उत्पादन घसरलं आणि 2013 मध्ये वायूअभावी थंडावलं. पुढे रेल्वेला वीज देण्यापुरतं थोडं चाललं. शेजारच्या एलएनजी टर्मिनलवर पहिलं जहाज 2013 च्या जानेवारीत आलं, पण लाटा अडवणारा बंधारा पुरा नसल्याने पावसाळ्यात कित्येक वर्षं जहाज लावता येत नव्हतं. एवढं लोखंड, एवढा पैसा, आणि सगळं अडलं ते इंधन कुठून येणार आणि केवढ्याला येणार या दोन प्रश्नांवर. आयात वायूवर देशाची वीज उभी करू नये, हे दाभोळने आपल्याला फार महागात शिकवलं. मी आयुष्यभर वायूतच काम केलं, तरी हेच म्हणते.

मग वायू कुठे लागतो? जिथे त्याला आज सोपा पर्याय नाही तिथे. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात वायू नुसता जळत नाही, त्यातला हायड्रोजन काढून अमोनिया होतो आणि अमोनियापासून युरिया. काच, सिरॅमिक, धातूंच्या भट्ट्यांत लागतो. शहराच्या हवेसाठी लागला, हे तर आपण डोळ्यांनी पाहिलं. दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आणायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये दिला आणि 2002 अखेर तो ताफा बदलला. आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर एसी चालूच असतात, तेव्हा झटकन चालू होणारी केंद्रं लागतात. 2024 च्या मे-जूनमध्ये सरकारने विद्युत कायद्याचं कलम 11 लावून वायूवरची केंद्रं चालवायला लावली, ती त्यासाठीच. बॅटऱ्या स्वस्त होतील तसं हेही काम कमी होईल. बस आणि रिक्षा विजेवर जातील, जाताहेत. शहरातल्या स्वयंपाकघरात इंडक्शन येईल. तेव्हा तुझ्या क्षेत्राची वाढ गेल्या वीस वर्षांसारखी राहणार नाही, ही मनाची तयारी ठेव. पण देशाने कार्बनचा निव्वळ शून्य गाठण्याचं साल 2070 दिलं आहे. तू निवृत्त होशील 2057 च्या सुमारास.

आणि मुख्य गोष्ट, जहाज आणि खलाशी यांत फरक असतो. तुला जे येतं ते वायूपुरतं नाही. दाब, व्हॉल्व्ह, गंज, तो रोखणारं विजेवरचं कॅथोडिक प्रोटेक्शन, गळती, परमिट, माणसं आणि ठेकेदार सांभाळणं. उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळापासून, म्हणजे प्रेसमडपासून, शेणापासून, शहराच्या ओल्या कचऱ्यापासून जो बायोगॅस होतो तो शुद्ध करून दाबला की मिथेनच. तो तुझ्याच लाइनमध्ये येणार आहे. 2025-26 पासून शहरी वायू कंपन्यांना सीएनजी आणि पीएनजीत (गाड्यांच्या आणि पाइपच्या वायूत) 1 टक्का असा जैववायू मिसळण्याचं बंधन घातलं आहे, ते वाढत 2028-29 पासून 5 टक्के होणार आहे. इंदूरचा ओल्या कचऱ्याचा प्लँट 2022 पासून रोज 550 टन कचरा घेण्याच्या क्षमतेने उभा आहे. साखर कारखान्यांच्या आपल्या राज्यात हे काम किती वाढू शकतं ते तुला सांगायला नको. त्या वायूची गुणवत्ता एकसारखी राहत नाही, ओलावा आणि हायड्रोजन सल्फाइड राहून गेला तर लाइन आतून खाल्ली जाते. हे ज्याला कळतं अशा माणसाची पुढची वीस वर्षं गरज आहे. हायड्रोजनही येतोय. सुरतजवळच्या कवासमध्ये 2023 च्या जानेवारीपासून घरगुती पाइप वायूत हरित, म्हणजे अक्षय विजेने बनवलेला, हायड्रोजन मिसळून दिला जातोय. हायड्रोजनचा रेणू इवलासा, पोलादाला ठिसूळ करतो, हवेत 4 ते 75 टक्के एवढ्या मोठ्या पट्ट्यात पेट घेतो आणि ज्योत दिवसा दिसत नाही. मिथेन सांभाळायला शिकलेला हातच त्याला सांभाळू शकेल. यातलं एक काहीतरी, मी सांगेन बायोगॅस, कोकणात असतानाच नेटाने शिकायला घे.

सोलरबद्दल माझं मन स्वच्छ आहे. ते क्षेत्र वाढावं, मला हवंच आहे. पण तिथे गेल्याने बाईचा प्रश्न आपोआप सुटेल असं समजू नकोस. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेने 2019 मध्ये जगभरची पाहणी प्रसिद्ध केली. तेल-वायूत बायका 22 टक्के, अक्षय ऊर्जेत 32 टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण त्या 32 टक्क्यांच्या आत बघ. कार्यालयीन कामांत 45 टक्के, तंत्र-विज्ञानाच्या कामांत 28. पुढच्या वर्षीच्या पवनऊर्जेच्या पाहणीत 21, म्हणजे तेल-वायूएवढंच. पुण्याची नोकरी डिझाइनची आहे. एसीत बसून लेआउट काढायचा, तो उभा करायला दुसरं कुणी सोलापूर-धुळ्याच्या उन्हात जाणार. त्यांनी साइटवर प्रकल्प उभारणीचं काम दिलं असतं तर मी दोन रात्री विचार करून उत्तर दिलं असतं. दिलंय ते ड्रॉइंग ऑफिस आहे, फक्त पाटी नवी.

वर पोहोचलेल्या बायका कमी आहेत, पण आहेत. निशी वासुदेवा 2014 मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियमच्या अध्यक्ष झाल्या. केमिकल इंजिनीअर वर्तिका शुक्ला 1988 मध्ये इंजिनीअर्स इंडियात लागल्या आणि 2021 मध्ये त्याच कंपनीच्या प्रमुख झाल्या. 2022 मध्ये अलका मित्तल यांनी ओएनजीसीची सूत्रं हाती घेतली. खाण कायद्याने बाईला जमिनीखाली उतरायला बंदी होती, 2019 मध्ये ती सैल झाली आणि 2021 मध्ये आकांक्षा कुमारी झारखंडच्या भूमिगत कोळसा खाणीत इंजिनीअर म्हणून उतरल्या. हे सांगते ते तू अध्यक्ष व्हावंस म्हणून नाही. दारं कायद्याने उघडत गेली, पण प्रत्येक दारातून पहिल्यांदा कुणीतरी आत पाऊल टाकलं म्हणून ती उघडी राहिली.

रात्रपाळीचंही तसंच. 1948 च्या कारखाना कायद्यात बाईला संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कारखान्यात कामाला ठेवायला मनाई होती. राज्यांनी ती हळूहळू सैल केली आणि 2020 च्या श्रमसंहितेने बाईची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था या अटींवर रात्रीचं काम मान्य केलं. संमती तुझी हवी. साहेबांनी तुझ्या वतीने नकार द्यायचा नाही, आणि होकारही नाही.

साहेबांना भेटशील तेव्हा रागाने नको बोलूस. ते भले आहेत असं तूच लिहिलंस. त्यांना म्हण, ‘सर, काळजी वाटते ना, मग एवढं करून द्या.’ आणि कागद पुढे ठेव. रात्रीच्या कॉलआउटला गाडी, ओळखीचा चालक आणि सोबत एक तंत्रज्ञ, एकटीने जायचं नाही. हा नियम पुरुषांनाही असावा, म्हणून तो सर्वांसाठीच माग. सिटी गेट स्टेशनवर (मोठ्या लाइनमधला वायू शहराच्या जाळ्यात येतो तिथे) बायकांसाठी स्वच्छतागृह, कडी लागणारं, पाणी असलेलं. तुझ्या मापाचे बूट, हातमोजे, अंगावरची डांगरी. कॉलआउटची पाळी तिघांत वाटलेली, म्हणजे इनचार्ज म्हणून महिन्याचे तीसही दिवस फोन उशाशी नको. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीची नावं कोकणच्या ऑफिसातही भिंतीवर हवीत. कामासाठी कंपनीने दिलेली गाडीसुद्धा त्या कायद्यात कामाचीच जागा धरली आहे. पुढे मूल झालं तर 26 आठवड्यांची पगारी रजा हा तुझा हक्क आहे. तेव्हा गरोदरपणापुरतं खड्ड्यातलं काम दुसऱ्याला देऊन नियोजन तू करशील, आणि रजेनंतर जागा तुझीच राहील, हेही त्याच कागदावर असू दे. नंतर तोंडी बोलणं कुणाला आठवत नाही.

आता घरचं. ‘तू ठरव’ हे होणाऱ्या नवऱ्याचं वाक्य चांगलं आहे, पण ते पुरं नाही. त्यात तो स्वतः काय करणार ते आलेलं नाही. लग्नाआधी एक संध्याकाळ दोघंच बसा आणि बारीकसारीक गोष्टीही त्याला विचार. मी कोकणात आणि तू घाटावर, तर पहिली दोन वर्षं कोण कुठे राहणार? दर शनिवारी घाट कुणी उतरायचा? रात्री दोनला फोन वाजला आणि मी निघाले, तर तुझ्या आईला सकाळी कोण सांगणार, मी की तू? सणाच्या दिवशी लाइन फुटली तर? या प्रश्नांवर तो चिडला नाही, विचार करून बोलला, काही ठिकाणी ‘हे मला अवघड जाईल’ असं प्रामाणिकपणे म्हणाला, तर तो तुझा माणूस आहे. माझ्या नवऱ्याने सुरुवातीला खूप गोष्टींना ‘बघू’ म्हटलं. त्या ‘बघू’मध्येच माझं ड्रॉइंग ऑफिस होतं, हे मला फार उशिरा कळलं. तो वाईट नव्हता, आम्ही कधी नीट विचारलंच नव्हतं एकमेकांना.

आणि आतेबहीण. तिच्यावर रागवू नकोस, तिची तळमळ खरी आहे. तिला एक दिवस तुझ्याबरोबर गस्तीला ने. व्हॉल्व्हच्या चेंबरवर वाकून डिटेक्टरचा आकडा तिला वाचू दे, साबणाच्या पाण्याचा फेस जोडावर टाकून एक बुडबुडा धरताना बघू दे. तिला हे शिक्षण पुस्तकात मिळणार नाही, आणि तुला तिच्याकडून एक काम मिळेल: तुमच्या भागात वर्षाला किती वायू आला, किती मीटरवर मोजला गेला आणि मधला कुठे गेला, याचा हिशेब. बहुतेक ठिकाणी तो फक्त पैशाच्या तोट्याचा मांडतात. तू इनचार्ज झालीस की तो मिथेनचा म्हणूनही मांड, दोघी मिळून मांडा. वरच्यांनी मागितला नाही तरी मांड.

अर्ज दिलास की मला कळव. सोबतच्या कागदात बुटांच्या ओळीत ‘योग्य मापाचे’ असं लिहून सोडू नकोस. नंबर लिही, आणि पहिल्या दिवसाच्या आधी दोन जोड हवेत असं लिही, कारण कोकणात जूनमध्ये एक जोड दोन दिवस वाळत नाही.

– तुझी ताई